नैतिक नेतृत्व शिकवायचं म्हणजे वर्षभर नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: १८ ते २२ वयाच्या ३० मुलामुलींचा गट आहे. आठवड्याला दोन तास मिळतात, वर्षभर. आजवर मान्यवरांची व्याख्यानं, गटचर्चा, निबंध आणि शेवटी सामूहिक प्रतिज्ञा, सगळं करून झालं. मुलं मंचावर छान बोलतात. पण गटातल्याच कुणी खोटी हजेरी लावली, तर सगळ्यांना माहीत असूनही कुणी चकार शब्द काढत नाही. चुकतंय कुठे, आणि करायचं काय?

मुलांना जे आधीच येतं तेच तुम्ही पुन्हा शिकवताय. दुसऱ्याच्या नावावर सही करणं चूक आहे हे त्या तिसांपैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. घोडं अडतं ते त्याच्या पुढे. जेम्स रेस्ट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात नैतिक वागण्याचे चार भाग सांगितले: इथे काही प्रश्न आहे हे मुळात लक्षात येणं, त्यात योग्य काय ते ठरवणं, मैत्री-सोय-फायदा यांच्या वर त्याला जागा देणं आणि ते तडीस नेणं. व्याख्यान, निबंध, चर्चा हे सगळं फक्त दुसऱ्या भागाला हात घालतं. उरलेले तीन कोरडेच राहतात.

याचा सगळ्यात बोलका पुरावा १९७३ चा आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅट्सन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक छोटं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं. वाटेत एक माणूस दारात कण्हत पडलेला. काहींच्या भाषणाचा विषय होता वाटसरूला मदत करणाऱ्या परक्याची बायबलमधली गोष्ट. विषयाने फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो घाईने: हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, वेळेत असलेल्यांपैकी ४५ टक्के, आणि ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलेल्यांपैकी फक्त १० टक्के. मदतीवर भाषण द्यायला निघालेली मुलं मदत न करता पुढे जातात, तर मूल्यांवरच्या व्याख्यानाकडून किती अपेक्षा ठेवायची ते तुम्हीच ठरवा.

म्हणून वर्षभराच्या वेळेचा मोठा भाग सरावाला आणि खऱ्या जबाबदारीला द्या. सुट्ट्या-परीक्षा वगळून साधारण ३६ सत्रं हातात येतात असं धरू. पहिली ८ बोलण्याच्या सरावाला, पुढची ६ सभा चालवायला, ३ माहिती पारखायला, १६ एका सार्वजनिक प्रश्नाला आणि शेवटची ३ पुढच्या तुकडीकडे काम सोपवायला. पैशाचा हिशेब मात्र दुसऱ्या आठवड्यापासूनच मुलांच्या हातात द्या आणि वर्षभर चालू ठेवा. तिसांचे पाच-पाच जणांचे सहा गट करा. मित्रमंडळी एकत्र बसू देऊ नका, चिठ्ठ्या टाका. दर सत्राची शेवटची १५ मिनिटं तीन प्रश्नांना राखून ठेवा: काय झालं, त्यातून काय कळलं, आता पुढे काय. ही १५ मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात आणि तिथूनच कार्यक्रम नुसता उपक्रमांची जंत्री होऊन बसतो.

वाक्य तोंडात बसवणं

सरावासाठी प्रसंग छोटा घ्या. कोट्यवधींचा घोटाळा, मंत्र्याचा फोन असले प्रसंग दिले की मुलं लगेच नायक होतात, कारण तिथे गमवायचं काहीच नसतं. ‘आज माझी सही मार ना, मी घरी चाललोय’ हा प्रसंग बरोबर. गटाच्या प्रकल्पात काहीच न केलेल्याचं नाव घालायचं का, सर्वेक्षणात दहा फॉर्म घरी बसून भरले ते चालवायचे का, वर्गणीतल्या पैशातून आयोजकांनी चहा प्यायचा का, हेही चालतील.

तिघांची टोळी करा. एक बोलणारा, एक गळ घालणारा, एक नुसता बघणारा. गळ घालणाऱ्याने तीनदा तरी हट्ट धरायचा, पहिल्या नकाराला सोडून द्यायचं नाही. त्याच्या हातात चार वाक्यं द्या, कारण जगात सगळीकडे याच चार वाक्यांनी माणसं गप्प होतात: ‘सगळेच करतात’, ‘एवढं काय त्यात’, ‘हे आपलं काम नाही’ आणि ‘दोस्तासाठी एवढंही नाही करणार?’ बोलणाऱ्याला तीन अटी. उपदेश करायचा नाही. एका वेळी बारा शब्दांच्या वर जायचं नाही. आणि समोरच्याची अडचण सुटेल असा काहीतरी मार्ग सुचवायचा. तीन मिनिटं प्रसंग, दोन मिनिटं बघणाऱ्याची टिपणं, आणि लगेच तोच प्रसंग पुन्हा. हा दुसरा फेरा कधीही टाळू नका. पहिल्या फेऱ्यात मूल अडखळतं, ते अडखळणंच मनात घेऊन घरी गेलं तर सराव उलटा पडतो.

ऐकायला कसं येतं बघा. पहिल्या फेऱ्यात साधारण हे निघतं: ‘अरे पण हे बरोबर नाही, आपण असं करायला नको, उद्या सगळ्यांनी असं केलं तर?’ हे भाषण झालं. यावर समोरचा हमखास म्हणतो, ‘झालं तुझं?’ दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्यात ते असं उतरतं: ‘सही नाही करणार. पण लवकर जायचंय हे मी तुझ्यासोबत येऊन सांगतो, चल.’ दोन वाक्यं, नकार स्पष्ट, आणि मैत्रीही मोडत नाही. बघणाऱ्याने ‘छान बोललास’ म्हणायचं नाही. त्याने फक्त ऐकलेलं सांगायचं: कुठे आवाज खाली गेला, कुठल्या वाक्याला माघार घेतली, ‘म्हणजे तसं नाही, पण’ किती वेळा आलं.

सरावानंतर प्रत्येकाने वहीत एक जर-तर वाक्य लिहायचं: ‘जर कुणी माझ्याकडे सही मागितली, तर मी म्हणेन…’ पीटर गोलविट्झर यांच्या १९९० च्या दशकातल्या संशोधनापासून हे वारंवार दिसलं आहे की ‘मी प्रामाणिक राहीन’ अशा संकल्पापेक्षा विशिष्ट प्रसंगाला बांधलेलं विशिष्ट कृतीचं वाक्य जास्त पाळलं जातं. सामूहिक प्रतिज्ञेत नेमकं हेच नसतं.

आता दुसरी गोष्ट, जी बोलण्याच्या सरावाइतकीच महत्त्वाची आहे: आधी एक सोबती शोधायला शिकवा. सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत रेषांची लांबी ओळखायची होती, उत्तर डोळ्यांसमोर होतं. बाकीचे सगळे ठरवून चुकीचं उत्तर देत असताना सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्यांच्यामागे गेले. पण खोलीत बरोबर उत्तर देणारा एकच माणूस बसवला, की चुकीची उत्तरं आधीच्या जवळपास एक चतुर्थांशावर आली. स्टॅनली मिलग्रॅम यांच्या येल विद्यापीठातल्या प्रयोगात दुसऱ्या माणसाला विजेचे (प्रत्यक्षात खोटे) चढते धक्के द्यायला सांगितलं जायचं. ४० पैकी २६ जण आज्ञेवरून शेवटच्या ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. सोबतच्या दोघांनी मध्येच नकार दिला तेव्हा मात्र ४० पैकी फक्त ४. ‘एकटा उभा राहिलेला वीर’ हे चित्र मुलांच्या डोक्यातून काढून टाका. व्यवहारात कामाचं काय, तर सभेच्या आदल्या दिवशी एकाला गाठून विचारणं: ‘मी हा मुद्दा काढणार आहे. तुला पटत असेल तर माझ्यानंतर लगेच बोलशील?’ हे विचारायचाही सराव घ्या, तोही अवघडच जातो.

मिलग्रॅमच्या प्रयोगातली आणखी एक बाब सहसा निसटते. बटणं १५-१५ व्होल्टने चढत होती. ३०० ला थांबायचं तर २८५ ला का नाही थांबलास, हा प्रश्न आ वासून उभा राहतो. यावरून शिडीचा सराव करा: कागदावर दहा पायऱ्या काढायच्या, खाली एकदम निरुपद्रवी कृती (सभेच्या इतिवृत्तात उशिरा आलेल्याला वेळेवर दाखवणं), वर उघड फसवणूक (न झालेल्या सभेचं इतिवृत्त). मधल्या पायऱ्या मुलांनीच भरायच्या आणि प्रत्येकाने स्वतःची रेघ मारायची. गंमत अशी की जवळजवळ सगळे रेघ सातव्या-आठव्या पायरीवर मारतात. मग एवढंच विचारा: सहावीवर उभा असलेला माणूस सातवीला नाही म्हणताना कुठलं कारण देईल, जे पाचवीला लागू नव्हतं?

खुर्चीत बसलेल्याचं शिक्षण

आपण बोलणाऱ्यालाच शिकवत बसतो आणि ऐकणाऱ्याला विसरतो, ही माझ्या मते या क्षेत्रातली सगळ्यात मोठी चूक. २७ जानेवारी १९८६ च्या संध्याकाळचा प्रसंग वर्गात एकदा तरी घ्याच. अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान दुसऱ्या दिवशी सुटणार होतं, थंडी कडाक्याची होती. त्याची घन इंधनाची रॉकेट बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीच्या अभियंत्यांनी, त्यांत रॉजर बॉजोली होते, सांगितलं की ५३ अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १२ अंश सेल्सिअसच्या, खाली रॉकेटच्या सांध्यांतल्या रबरी कड्यांचा भरवसा नाही, उड्डाण नको. नासाच्या अधिकाऱ्यांनी नापसंती दाखवली. कंपनीच्या लोकांनी फोनवरून बाजूला होऊन आपसात बोलायला पाच मिनिटं मागितली, ती अर्ध्या तासापर्यंत लांबली. अभियंते तेव्हाही बोलले. मग एका वरिष्ठाने अभियांत्रिकी विभागाच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं, आणि शिफारस उलटली. दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले.

हा प्रसंग वर्गात तुकड्यातुकड्यांनी द्या. त्या अर्ध्या तासापाशी थांबा, शेवट लगेच सांगू नका. (ज्यांना माहीत असेल त्यांना बघणारे करा.) मुलं आधी म्हणतात, ‘अभियंत्यांनी जोरात सांगायला हवं होतं.’ त्यांनी सांगितलं होतं. मग हळूहळू लक्षात येतं की प्रश्नच बदलला गेला. ‘सुरक्षित आहे हे दाखवा’ असं विचारायच्या ऐवजी ‘धोका आहे हे सिद्ध करा’ असा रोख झाला. असा रोख बदलताना ओळखणं आणि तिथे ‘थांबा, आपण नेमकं काय सिद्ध करतोय?’ असं विचारणं हे अध्यक्षाचं काम आहे.

इथून सभांची सहा सत्रं सुरू करा. दर वेळी अध्यक्ष नवा, सचिव नवा. विषयपत्रिका तीन दिवस आधी सगळ्यांच्या हातात, तिच्यात प्रत्येक विषयापुढे एकच शब्द: माहिती, चर्चा किंवा निर्णय. सभा सुरू होताच पहिला प्रश्न हितसंबंधांचा: ‘आजच्या कुठल्या विषयात कुणाचं स्वतःचं, घरच्यांचं किंवा मित्राचं काही गुंतलंय?’ ज्याचं गुंतलंय त्याने ते सांगायचं, चर्चेत माहिती द्यायची, मत द्यायचं नाही. सुरुवातीला मुलांना हा आरोप वाटतो. चौथ्या सभेपर्यंत तो कोरम मोजण्याइतका साधा होतो, आणि तेच हवंय.

अध्यक्षाला चार बंधनं. स्वतःचं मत शेवटी सांगायचं. सगळ्यात नव्या किंवा सगळ्यात गप्प माणसाला आधी विचारायचं. ‘सगळ्यांना मान्य आहे ना?’ हे वाक्य वर्ज्य, त्याऐवजी ‘हे करू नये असं कुणाला वाटतं, आणि का?’ आणि हा प्रश्न विचारल्यावर दहा सेकंद गप्प बसायचं. ही दहा सेकंदं बघणाऱ्याने घड्याळ लावून मोजावीत. नवखा अध्यक्ष दोन-तीन सेकंदांतच ‘ठीक आहे, मग पुढचा विषय’ म्हणून मोकळा होतो, आणि ज्याचं वाक्य ओठावर आलेलं असतं तो ते गिळतो. मोठा निर्णय असेल तर मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची युक्ती वापरा: ‘सहा महिन्यांनी हे साफ फसलंय असं समजा. का फसलं ते प्रत्येकाने दोन मिनिटांत लिहा.’ विरोध करणाऱ्याला इथे शहाणपण दाखवायची संधी मिळते, त्यामुळे जीभ सुटते.

इतिवृत्ताला तीन रकाने पुरतात: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. ज्याचं मत वेगळं होतं त्याचं नाव आणि कारण एका ओळीत. पुढच्या सभेची सुरुवात हे तीन रकाने वाचूनच.

पैसा

रक्कम लहान असू द्या, पण खरी असू द्या आणि गटाला खर्चाचा खरा अधिकार द्या. खोट्या नोटांचे खेळ इथे उपयोगाचे नाहीत. नियम साधे: खर्च करणारा आणि रोकड वही लिहिणारा एक नको, प्रत्येक खर्चाला दोन सह्या, बिल नसेल तर खर्च करणाऱ्याने आणि एका साक्षीदाराने सही केलेलं व्हाउचर त्याच दिवशी, महिन्यातून एकदा संपूर्ण वही मोठ्याने वाचायची, आणि दुसऱ्या गटाने न कळवता येऊन पेटी मोजायची.

कधीतरी तूट निघतेच, आणि शिकवण्याचा सगळ्यात चांगला दिवस तोच असतो. समजा वहीत शिल्लक १,८४०, पेटीत १,७९५. फरक ४५. पहिली प्रतिक्रिया एकमेकांकडे बघण्याची असते, दुसरी कुणीतरी खिशात हात घालण्याची. दोन्ही थांबवा. आधी दुसऱ्या माणसाकडून पेटी पुन्हा मोजून घ्या. मग वहीतल्या बेरजा तपासा. मग फरकाला ९ ने भाग जातो का बघा: ४५ ला जातो, म्हणजे कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव. ४७२ चं बिल वहीत ४२७ असं उतरलं, की नेमके ४५ जास्त शिल्लक दिसतात. एकेक बिल वहीशी ताडून बघा. सापडलं तर जुना आकडा खोडून गिरवायचा नाही. त्यावर एक रेघ, शेजारी बरोबर आकडा, तारीख आणि सही. नाहीच सापडलं तर ‘तूट, कारण कळले नाही’ अशी उघड नोंद करायची आणि पुढच्या सभेत वाचायची.

मार्गदर्शक इथे हमखास चुकतात. मुलांना लाज वाटू नये म्हणून स्वतःच्या खिशातून भर घालतात. वरून प्रेमळ दिसणाऱ्या या कृतीने मुलं दोन गोष्टी शिकतात: हिशेब जुळवता येतो, आणि मोठी माणसं झाकून घेतात.

एक प्रश्न, शेवटपर्यंत

नागरी जीवन म्हटलं की बहुतेक ठिकाणी स्वच्छता मोहीम, रोपं लावणं, रॅली. वाईट काहीच नाही, पण ती सेवा झाली. सार्वजनिक निर्णय कसा होतो, कुणाच्या टेबलावर अडतो, कसा फिरतो, हे त्यातून कळत नाही. म्हणून १६ सत्रांत सगळ्यांनी मिळून एकच छोटा प्रश्न घ्या. चार चाळण्या लावा: चालत जाऊन बघता येतो, ज्यांना त्रास होतो ती माणसं भेटू शकतात, निर्णय घेणारं टेबल शोधता येतं, चार महिन्यांत निदान हो-नाही असं उत्तर मिळू शकतं. ‘भ्रष्टाचार’, ‘प्रदूषण’, ‘बेरोजगारी’ पहिल्याच चाळणीत गळतात. बंद पडलेला दिवा, वाचनालयाची वेळ, रस्ता ओलांडायच्या जागेवरचा सिग्नल हे टिकतात.

सिग्नलचंच घेऊ. रस्ता टेपने मोजला, १४ मीटर. पादचाऱ्यांचा हिरवा आणि लुकलुकता दिवा मिळून १० सेकंद. म्हणजे सेकंदाला १.४ मीटर चालावं लागतं. अशी आखणी करताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरायची पद्धत जुनी आहे आणि वयस्कर माणसं त्याहून सावकाश चालतात. ०.९ मीटरने हिशेब केला तर सुमारे १६ सेकंद लागतात. आता तीन दिवस, दिवसाला तीन वेळा, अर्धा-अर्धा तास मोजणी करा: किती जणांनी ओलांडलं, लाल लागला तेव्हा किती जण मध्येच होते, त्यांत काठीवाले आणि लहान मुलं किती. दोघांनी स्वतंत्र मोजायचं आणि आकडे जुळवायचे. पाचाहून जास्त टक्क्यांचा फरक आला तर ती मोजणी बाद. मुलं कुरकुर करतील, करू द्या.

मग दुसऱ्या बाजूचा हिशेब, तोही मुलांनीच. चक्र ९० सेकंदांचं असेल तर तासाला ४० चक्रं होतात. प्रत्येकात ६ सेकंद वाढवले तर २४० सेकंद, म्हणजे वाहनांची तासाला ४ मिनिटं जाणार. पाच वाहनचालकांशी बोला, त्यांत रोज तिथून माल नेणारा एक तरी असू द्या. प्रत्येकाचं म्हणणं त्याला परत सांगायचं आणि ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं त्याच्या तोंडून येईपर्यंत सोडायचं नाही. मतभेद हाताळायचं शिक्षण मला तरी यापेक्षा चांगलं माहीत नाही. वादविवाद स्पर्धा नेमकं याच्या उलटं शिकवतात.

पत्र एका पानाचं. एकच मागणी, आकड्यांसकट, कधीपर्यंत उत्तर हवं ती तारीख आणि विरोधी बाजूचा आकडाही त्यातच. तो लपवला तर पहिल्याच भेटीत समोरचा अधिकारी काढणार आणि तुमची सगळी मोजणी संशयाच्या घेऱ्यात जाणार. पत्र दिल्याची पोच घ्यायची, आवक क्रमांक वहीत लिहायचा, पंधराव्या दिवशी पाठपुरावा. उत्तर नाहीच आलं तर माहिती मागण्याचा हक्क आहे. १७६६ साली स्वीडनने सरकारी कागद नागरिकांना खुले करणारा पहिला कायदा केला, आज शंभराहून अधिक देशांत असे कायदे आहेत. अर्जात ‘का केलं नाही?’ असा खुलासा मागू नका. कागद मागा: या सिग्नलची वेळ ठरवणारी टिपणी, तिची तारीख, आमच्या पत्रावरचा शेरा.

भेटीला गेल्यावर फोटो, हार, ‘तरुणांचा आवाज’ असं कौतुक सुरू झालं की सावध व्हा. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभागच मानत नाहीत: वापरून घेणं, शोभेसाठी बसवणं, नावापुरतं विचारणं. भेटीहून आल्यावर मुलांनाच विचारा, आज आपण कुठल्या पायरीवर होतो?

या टप्प्यातली सगळ्यात घातक चूक मार्गदर्शकाची असते. चौदाव्या आठवड्यात काम अडकलेलं बघवत नाही आणि तो ओळखीच्या माणसाला फोन लावून काम करून घेतो. दिवा लागतो, मुलं टाळ्या वाजवतात, आणि सोळा आठवड्यांचं सार एवढंच उरतं की ओळख असली की होतं. त्यापेक्षा कारणांसकट आलेला लेखी नकार कितीतरी चांगला. आपले राजकीय कल मुलांना ओळखता येत असतील तर प्रश्न निवडायच्या सभेला तुम्ही खोलीबाहेर बसलेलं बरं.

माहिती पारखायची तीन सत्रं या टप्प्याच्या आधी घ्या. एकच सवय लावायची आहे: अनोळखी संकेतस्थळ दिसलं की ते वाचत खाली न जाता नवी खिडकी उघडायची आणि त्याच्याबद्दल इतर काय म्हणतात ते बघायचं. स्टॅनफर्डमधल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्र्यू यांनी इतिहासाचे अभ्यासक, पदवीचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस यांची तुलना केली. तपासनीस जलद आणि अचूक ठरले ते याच सवयीने. सरावाला नेतृत्व-प्रशिक्षणातल्याच लाडक्या गोष्टी द्या. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीसचा खून ३८ जण नुसते बघत राहिले, ही गोष्ट अतिरंजित होती हे ती छापणाऱ्या वृत्तपत्रानेच २०१६ मध्ये मान्य केलं. १९७१ च्या स्टॅनफर्ड तुरुंग प्रयोगात पहारेकरी बनवलेले विद्यार्थी आपोआप क्रूर झाले असं सांगतात, पण त्यांना कसं वागायचं याच्या सूचना मिळत होत्या, हे नंतर अभिलेखांतून पुढे आलं. दोन्ही उदाहरणं आजही व्याख्यानांत सर्रास ऐकू येतात. तुमच्या जुन्या टिपणांतही असतील, बघा.

मोजायचं कसं, आणि काय करायचं नाही

‘माझ्यात नेतृत्वगुण आहेत: १ ते ५’ असल्या प्रश्नावल्या सोडून द्या, वर्षाच्या शेवटी सगळेच ४ लिहितात. कागदपत्रं बघा. इतिवृत्तांत वेगळं मत किती वेळा नोंदलं गेलं. ठरलेल्या कामांपैकी तारखेत किती झाली. चूक झाल्यापासून ती स्वतःहून सांगेपर्यंत किती दिवस गेले. एका सभेत किती जण बोलले. पहिल्या तिमाहीशी शेवटच्या तिमाहीची तुलना करा. नोंदलेले मतभेद वाढले तर ते चांगलं लक्षण आहे, घाबरू नका.

‘सर्वोत्कृष्ट नेता’ असा पुरस्कार देऊ नका. तो नेहमी बोलक्याला जातो आणि वही नीट लिहिणारी मुलगी टाळ्या वाजवत बसते.

आणि एक मर्यादा आधीच ठरवून सांगा. लैंगिक छळ, धमकी, मोठ्या रकमेची अफरातफर यांसारखी बाब समोर आली तर तिथे ‘बोलून बघ’ हा सराव लागू नाही. मुलाला एकटं पुढे करायचं नाही. काय, कधी, कुठे, कोण हे त्याच दिवशी लिहून काढायचं, मूळ कागद-संदेश जपायचे, विश्वासातल्या एका मोठ्या माणसाला सोबत घेऊन अधिकृत तक्रार यंत्रणेकडे लेखी जायचं. त्या यंत्रणेचं नाव आणि दार पहिल्याच सत्रात मुलांना दाखवून ठेवा. धैर्य शिकवणाऱ्याने धोक्याची जबाबदारी मुलावर ढकलायची नसते.

तुमच्या मूळ तक्रारीकडे, खोट्या हजेरीकडे, परत येतो. नवं वर्ष सुरू झालं की आधी हजेरीचा नियम मुलांकडूनच सभेत ठरवून घ्या, तो तुम्हालाही लागू करा, आणि तुम्हाला पाच मिनिटं उशीर झाला की त्या दिवशीच्या सचिवाला तो तुमच्या देखत वहीत लिहायला लावा. सचिव चाचरेल. पेन त्याच्या हातात द्या आणि थांबा.

वेळ अर्धाच मिळाला तर सिग्नलचा प्रश्न आठ आठवड्यांत बसवायची खटपट करू नका, तो टप्पा पूर्ण सोडा. बोलण्याचा सराव, सभा आणि रोकड वही ठेवा. त्यातही कापायची वेळ आली तर रोकड वही सगळ्यात शेवटी.